जाळ्यांच्या गेम थिअरीकडे वळताना

अर्थशास्त्रात एमए करण्यासाठी पुण्यात आलेले विद्यार्थी प्रबंधासाठी सोशल नेटवर्क (कोण कोणाशी जोडलेले आहे, याचे जाळे) हा विषय निवडतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला ओढा हजारो खात्यांची माहिती गोळा करून रंगीत जाळे काढण्याकडे असतो. या विषयात काही वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, सुरुवातीचे आठवडे कागद-पेन्सिलीला आणि अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू जॅक्सन व अ‍ॅशर वोलिन्स्की यांच्या १९९६ मधील प्रारूपाला द्यावेत. गेम थिअरी, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचे गणित, इथे जाळ्यांना लावलेली दिसते.

या प्रारूपात संबंध जोडायला दोघांची संमती लागते, तोडायला एकाची पुरते. चार माणसे घ्या. थेट ओळखीचा लाभ ०.५, ओळखीच्या ओळखीचा ०.२५ आणि प्रत्येक संबंध राखण्याचा खर्च दोघांनाही प्रत्येकी ०.६ धरा. एकजण मधोमध आणि तिघे फक्त त्याच्याशी जोडलेले असतील, तर कडेच्या प्रत्येकाला ०.४ चा फायदा होतो, मधल्याला मात्र ०.३ चा तोटा. एकूण बेरीज ०.९ येते, जी या आकड्यांवर शक्य असलेली सर्वांत मोठी आहे. तरीही ही रचना टिकत नाही, कारण मधला माणूस अंग काढून घेतो. वर्गणीपासून परवान्यापर्यंत सारे धागे एकहाती सांभाळणारा गणेश मंडळाचा कार्यकर्ता मात्र वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्याला मान मिळतो (निदान मिळायला हवा). कडेच्या तिघांनी प्रत्येकी ०.१ हून थोडे अधिक मधल्याला दिले, तर काय होते, हे स्वतः मांडून पाहावे. संशोधनाचे कितीतरी प्रश्न तिथूनच फुटतात.

प्रभावाच्या अभ्यासासाठी डीग्रूट यांचे १९७४ चे प्रारूप वाचावे. त्यात प्रत्येकजण स्वतःच्या आणि इतरांच्या मतांची भारित सरासरी (कोणाच्या मताला कमी, कोणाच्या मताला जास्त वजन देऊन) घेत राहतो, म्हणून रेषीय बीजगणित पक्के हवे.

यानंतर बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो आणि जॅक्सन यांचा कर्नाटकातील खेड्यांवरचा २०१३ चा अभ्यास घ्यावा. सूक्ष्मकर्जाची (गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जाची) बातमी ज्यांना प्रथम सांगितली गेली, ती माणसे जाळ्यात अधिक मध्यवर्ती असलेल्या गावांत कर्जयोजनेतला सहभाग अधिक आढळला. प्रश्नावलीही बारकाईने पाहावी: रॉकेल किंवा तांदूळ कोणाकडून उसने घेता, देवळात कोणाबरोबर जाता, असे त्यातले प्रश्न आहेत. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत रॉकेलचा प्रश्न निरुपयोगी ठरेल. तिथे गावाला जाताना घराची किल्ली कोणाकडे ठेवता, असे काहीतरी विचारावे लागेल.