मेगर घेताना आधी टेस्ट व्होल्टेज पाहावे
मेगर, म्हणजे मोटारीच्या किंवा वायरिंगच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, विकत घेताना बहुतेक जण तो किती मेगाओहमपर्यंत मोजतो एवढेच विचारतात; खरे तर आधी त्याचे टेस्ट व्होल्टेज, म्हणजे तपासताना तो इन्सुलेशनवर देतो ते व्होल्टेज, पाहायला हवे. आपले काम ४१५ व्होल्टच्या मोटारी, पंप आणि वायरिंगपुरते असेल, तर २५०, ५०० व १००० व्होल्ट निवडता येणारा एकच मेगर पुरतो, आणि त्यातही ५०० चाच वापर सर्वाधिक होतो. ३.३ केव्ही मोटार किंवा ११ केव्ही केबल हाताळायची असेल, तरच २५०० वा ५००० व्होल्टच्या महागड्या यंत्राकडे वळावे. दुकानातच दोन्ही लीड मोकळ्या ठेवून, मग एकमेकींना टेकवून बटण दाबून पाहावे: आधी काटा अनंतावर, नंतर शून्यावर यायला हवा. मोटारीला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) असेल, तर पुरवठा बंद करून केबल ड्राइव्हपासून सोडवल्याखेरीज मेगर लावू नये.