अनोळखी हवाईपट्टीवर पाहुणा म्हणून जाताना : नवोदित वैमानिकांसाठी

खासगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यानंतर बहुतेकांचे पहिले काही महिने प्रशिक्षणाच्या ओळखीच्या धावपट्टीवरच जातात. तिथला वारा, तिथली झाडे, टॉवरमधला आवाज, इंधनाची सोय हे सारे अंगवळणी पडलेले असते आणि नेमके त्यामुळेच, यांतल्या किती गोष्टींची काळजी आपल्या वतीने दुसरे कोणी घेत होते, हे ध्यानात येत नाही. लहान प्रादेशिक विमानतळांवर आणि त्याहून लहान गवती हवाईपट्ट्यांवर मी बरीच वर्षे पाहुणा वैमानिक म्हणून जात आलो आहे. तिथे ही सगळी काळजी वैमानिकाला स्वतःला, आणि तीही बहुतांशी घर सोडण्यापूर्वीच, घ्यावी लागते. ती कशी घ्यावी, याविषयी जे अनुभवाने पटले ते येथे लिहीत आहे.

माझा सर्वांत ठाम आग्रह असा की, एखाद्या पट्टीवर उतरता येईल का हे पाहण्याआधी तिथून पुन्हा उडता येईल का, हे कागदावर मांडून पाहावे. नवशिक्याचे सारे लक्ष उतरण्याकडे असते, कारण अवघड वाटते ते उतरणेच. परंतु लहान पिस्टन इंजिनाच्या विमानांना उडण्यासाठी साधारणपणे उतरण्यापेक्षा अधिक लांबी लागते. सेसना १७२ एस या सर्वत्र दिसणाऱ्या विमानाचे उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीला, प्रमाणित तापमानात, वारा नसताना आणि पूर्ण वजनासह, ५० फूट उंचीचा अडथळा ओलांडून उडण्यासाठी त्याला १,६३० फूट म्हणजे सुमारे ४९७ मीटर लागतात. तसाच अडथळा ओलांडून उतरण्यासाठी १,३३५ फूट म्हणजे सुमारे ४०७ मीटर पुरतात. हे आकडे नव्या विमानाचे आणि सराईत चाचणी वैमानिकाचे असल्यामुळे त्यांत सुरक्षेची भर घालावी लागते. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने खासगी वैमानिकांसाठी सुचवलेले गुणक मला उपयोगी वाटतात : उड्डाणासाठी १.३३ आणि उतरण्यासाठी १.४३. त्यांनी गुणले, तर उतरण्याला सुमारे ५८२ मीटर आणि उड्डाणाला सुमारे ६६१ मीटर हवेत. म्हणजे ६०० मीटरच्या कोरड्या डांबरी पट्टीवर हे विमान पुरेशी सुरक्षितता राखून उतरेल, पण तेवढीच सुरक्षितता राखून तिथून उडणार नाही. डांबराऐवजी ओले गवत असेल, तर उड्डाणाचे अंतर आणखी १.३ ने गुणावे लागते आणि गरज ८५० मीटरच्या पुढे जाते. उतरताना ओल्या गवतावर ब्रेक जवळजवळ निकामी ठरतात, ही गोष्ट वेगळीच.

उंचावरच्या पट्ट्यांवर हा हिशेब अधिक कठोर होतो. तापलेली हवा विरळ असते आणि विमानाला आपण प्रत्यक्षाहून पुष्कळ उंचावर असल्यासारखे वाटते. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. ठोकळ नियम असा की, त्या उंचीच्या प्रमाणित तापमानापेक्षा दर अंश सेल्सिअस जादा उष्णतेमागे सुमारे १२० फूट मिळवावेत. ५,००० फूट उंचीच्या विमानतळावर प्रमाणित तापमान सुमारे ५ अंश असते. तिथे दुपारी ३० अंश असले, तर २५ अंशांच्या फरकामुळे विमान जणू ८,००० फुटांवरून उडू पाहत असते. साध्या, टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के घटते, म्हणजे तिथे जवळजवळ पाव शक्ती उरलेलीच नसते. शिवाय वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा असला तरी विमान जमिनीच्या तुलनेत अधिक वेगाने धावत असते. खाली पाहून ‘फार वेग आहे’ असे वाटते आणि वेग कमी करण्याचा मोह होतो. हा मोह जीवघेणा आहे. विश्वास वेगदर्शकावर ठेवावा, जमिनीकडे पाहून वेग ठरवू नये. अशा ठिकाणी मी सकाळी लवकर निघणे पसंत करतो आणि गरज पडल्यास टाक्या अर्ध्याच भरतो. वजनात दहा टक्के वाढ झाली की उड्डाणाचे अंतर साधारण वीस टक्के वाढते, हे लक्षात घेतले तर एक जादा सामानाची पिशवीसुद्धा क्षुल्लक राहत नाही.

धावपट्टीचा उतार हा या हिशेबातला तिसरा घटक आहे. नेपाळमधील लुक्ला येथील तेन्झिंग-हिलरी विमानतळाची पट्टी सुमारे ५२७ मीटर लांब असून तिचा चढ १२ टक्क्यांच्या आसपास आहे. फ्रान्समधील कूरशेव्हेलची ५३७ मीटरची पट्टी १८ टक्क्यांहून अधिक चढाची आहे. दोन्ही ठिकाणी चढाच्या दिशेने उतरतात आणि उताराच्या दिशेने उडतात, मग वारा कसाही असो. नवोदिताने तिथे जाऊ नये, आणि कूरशेव्हेलला तर विशेष पात्रतेशिवाय जाताही येत नाही. परंतु यांमागचे तत्त्व दोन टक्के उताराच्या साध्या गवती पट्टीलाही लागू पडते. अशा पट्टीवर वाऱ्याची दिशा आणि उताराची दिशा यांचा मेळ बसत नसेल, तर तिथले नेहमीचे वैमानिक कोणती बाजू वापरतात हे विचारून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आणि येथेच दूरध्वनीचे महत्त्व येते. अनेक लहान पट्ट्यांवर पूर्वपरवानगीशिवाय उतरता येत नाही, म्हणून फोन करावाच लागतो; पण परवानगीची अट नसली तरीही मी तो करतो. नकाशा आणि अधिकृत माहितीपुस्तिका लांबी-रुंदी सांगतात, नोटाममधून, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेल्या तात्पुरत्या सूचनांतून, बंद असलेल्या सुविधा कळतात. परंतु पट्टीची दूरची कड पावसानंतर दलदलीची होते, दुपारनंतर झाडांच्या रांगेवरून हवा खाली दाबली जाते, किंवा गवत या आठवड्यात कापलेलेच नाही, या गोष्टी तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतात. एकदा अशाच एका फोनवर मला सांगण्यात आले की, पट्टीचा शेवटचा तिसरा भाग ओला आहे, तो धरू नका. माझा सारा हिशेब पूर्ण लांबीवर बेतलेला होता. तो मोडून मी दोन दिवसांनी गेलो. त्यामुळे आता फोनवर ‘उतरता येईल का’ असा मोघम प्रश्न मी विचारत नाही. गवताची उंची किती, जमीन टणक आहे का, कोणत्या बाजूने उडता, तारा कुठे आहेत, कोणत्या गावावरून किंवा घरांवरून जाणे टाळायचे, इंधन कोणते मिळते आणि ते देण्यासाठी माणूस हजर असेल का, असे नेमके प्रश्न विचारल्यास नेमकी उत्तरे मिळतात. अशी माणसे सहसा अगत्याने बोलतात. आपल्या पट्टीवर अपघात व्हावा असे कोणालाच वाटत नाही. पट्टीची ‘वेळ’ म्हणजे काय, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. स्कॉटलंडमधील ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटावरचे विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरते आणि भरतीच्या वेळी तिथल्या धावपट्ट्या पाण्याखाली जातात, त्यामुळे तिथले वेळापत्रक समुद्र ठरवतो.

नियमित प्रवासी सेवा असलेल्या प्रादेशिक विमानतळाचा प्रश्न निराळा असतो. तिथे लांबीची चिंता नसते, पण टॉवर दिवसाचे ठरावीक तासच चालतो आणि तो बंद झाल्यावर त्याच धावपट्टीवर सारे वैमानिक एकमेकांशी बोलून मार्ग काढतात. म्हणून टॉवरच्या वेळा आधीच पाहून ठेवाव्यात. पहिल्यांदाच आलो असल्यास तसे रेडिओवर स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही; नियंत्रक मग टॅक्सीवेची, म्हणजे धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या मार्गांची, वळणे एकेक करून सांगतो. धावपट्टीबाहेर थांबण्याची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवावी आणि शंका असेल तर विमान जागीच थांबवून विचारावे. मध्यम वजनाच्या प्रवासी विमानामागून हलके विमान उडणार असेल, तर मोठ्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांसाठी दोन मिनिटांचे अंतर ठेवतात, आणि धावपट्टीच्या मधूनच उड्डाण सुरू करायचे असल्यास तीन मिनिटांचे. टॉवर सांगतो तो वारा चुंबकीय उत्तरेवरून असतो, तर लेखी हवामान अहवालातला खऱ्या उत्तरेवरून. धावपट्टीचा क्रमांकही चुंबकीय दिशेवरून ठरतो, त्यामुळे दोन्ही उत्तरांतला फरक मोठा असलेल्या प्रदेशात आडव्या वाऱ्याचा हिशेब करताना हे विसरून चालत नाही.

टॉवर नसलेल्या पट्टीजवळ पोहोचल्यावर घाई करू नये. सुमारे दहा मैलांवरूनच आपले स्थान आणि हेतू रेडिओवर सांगावा. शेजारच्या अनेक पट्ट्या एकच वारंवारिता वापरत असतात, त्यामुळे ठिकाणाचे नाव निवेदनाच्या सुरुवातीला आणि शेवटीही घेण्याची अमेरिकेतील पद्धत मला फार योग्य वाटते. काही ठिकाणी खालून उत्तर देणारी व्यक्ती केवळ माहिती देते. ती परवानगी देत नाही आणि देऊ शकत नाही, म्हणून निर्णय आणि जबाबदारी दोन्ही आपल्याकडेच राहतात. शिवाय काही विमानांत रेडिओ नसतोच, तेव्हा रेडिओवर शांतता आहे म्हणून आकाश मोकळे आहे असे गृहीत धरू नये.

सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्यापूर्वी पट्टीभोवती घालायच्या ठरलेल्या आयताकृती फेरीत, शिरण्याची पद्धत देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये पट्टीच्या माथ्यावर २,००० फुटांवरून येऊन, सर्किट नसलेल्या बाजूला १,००० फुटांपर्यंत उतरून मग सर्किटमध्ये शिरतात; अमेरिकेत डाउनविंडला, म्हणजे पट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या बाजूला, ४५ अंशांच्या कोनात येऊन मिळतात. अनोळखी पट्टीसाठी मला माथ्यावरून येणेच अधिक आवडते, कारण वातसूचक, पट्टीवरच्या खुणा आणि खालची विमाने सारे एकाच फेरीत नीट पाहता येते. पट्टीच्या टोकाला मोठी फुली दिसली तर ती बंद आहे. लाल चौकोनावर पिवळी फुली असेल तर उतरण्यास मनाई आहे. पट्टीच्या सुरुवातीला पांढरे बाण रंगवलेले असतील, तर उतरताना तो भाग सोडून पुढच्या आडव्या पट्ट्यानंतरच चाके टेकवायची, कारण बहुधा त्यापूर्वी झाड, रस्ता किंवा तारा असतात. हवेतून तारा जवळजवळ दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असे समजावे.

अंतिम टप्प्यात डोळे फसवतात, आणि या मुद्द्यावर नवोदितांनी सर्वाधिक वेळ द्यावा असे मला मनापासून वाटते. ४५ मीटर रुंदीच्या धावपट्टीवर शिकलेल्या वैमानिकाला १८ मीटरची अरुंद पट्टी दुरून पाहताना आपण फार उंच आहोत असे वाटते आणि तो नकळत खाली येतो. चढाच्या पट्टीचाही भास अगदी तसाच असतो. लहान पट्टी बहुधा अरुंद असते आणि ती चढाचीही असली, तर दोन्ही भास एकाच दिशेने, म्हणजे झाडांच्या शेंड्यांकडे ढकलतात. मोठ्या विमानतळावर दोन पांढरे आणि दोन लाल दिवे योग्य उतार दाखवून ही चूक सुधारतात. येथे ते दिवे नसतात. त्यावर उपाय आकड्यांचा आहे. तीन अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट उतरायचे असते. तेव्हा एक मैलावर पट्टीच्या पातळीपासून ३०० फूट उंची आहे का, हे अल्टिमीटरवर (उंचीदर्शकावर) पाहावे आणि भासाकडे दुर्लक्ष करावे. अप्रोच, म्हणजे पट्टीकडे उतरत येण्याचा टप्पा, ५०० फुटांपर्यंत स्थिर झालेला नसेल, म्हणजे वेग, उतार किंवा दिशा यांपैकी काहीही अजून सावरावे लागत असेल, तर गो-अराउंड करावा, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढून जावे. पट्टीच्या पहिल्या तृतीयांशात चाके टेकली नाहीत, तरीही तेच करावे. पलीकडे डोंगर असलेल्या, एकाच बाजूने वापरायच्या पट्टीवर ही मुभा नसते, म्हणून तिथे ‘उतरायचे की नाही’ हा निर्णय बराच आधी, वळायला जागा असतानाच घ्यावा लागतो.

उतरल्यावर गवतावर विमान थांबू देऊ नये, कारण मऊ जमिनीत चाक रुतते. स्टिक मागे ओढून पुढच्या चाकावरचा भार कमी ठेवावा आणि खडी असेल तिथे इंजिन जोरात चालवू नये, प्रोपेलर दगड खेचून घेतो. फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि वेळ आधी कळवणारा आराखडा, दाखल केला असल्यास पोहोचल्याचे कळवून तो स्वतः बंद करावा. टॉवर नसलेल्या ठिकाणी आपल्यासाठी ते कोणी करत नाही आणि अपेक्षित वेळेनंतर साधारण ३० मिनिटांत शोधाची हालचाल सुरू होते.

इंधन भरताना विमानाजवळून हलू नये. पिस्टन इंजिनाला लागणारे १०० एलएल निळसर असते, जेट इंधन रंगहीन किंवा फिकट पिवळसर. चुकून जेट इंधन भरले गेले, तरी नळ्यांतल्या जुन्या इंधनावर इंजिन सुरू होते, टॅक्सीही होते आणि मग उड्डाणानंतर चढताना बंद पडते. म्हणून भरून झाल्यावर थोडे थांबून प्रत्येक टाकीतून नमुना काढावा, त्याचा रंग, वास आणि तळाशी पाणी आहे का, हे पाहावे. रात्रभर मुक्काम असेल तर दोर बांधणे, वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून कंट्रोल लॉक लावणे आणि वेगदर्शकाला हवेचा दाब पोहोचवणारी पिटो नळी झाकणे आलेच. सकाळी इंजिनाच्या कप्प्यात पक्ष्यांनी घरटे केलेले नाही ना, हेही डोकावून पाहावे.

निघण्यापूर्वी मी पट्टीवरून पायी चालून येतो. खड्डे, ओल आणि मऊ जागा हवेतून कधीच दिसत नाहीत त्या पायाला कळतात, आणि याच फेरीत पट्टीच्या मध्याशी एखादे ठळक झुडूप किंवा खांब मी निश्चित करून ठेवतो. निम्मी लांबी संपेपर्यंत जमीन सोडण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आलेला नसेल, तर थ्रॉटल मागे ओढून थांबायचे, हा नियम ती खूण दिसताच वापरायचा असतो. ५५ नॉटला विमान उचलणार असाल तर त्या खुणेजवळ सुमारे ३९ नॉट दिसायला हवेत. हा आकडा इंजिन सुरू करण्याआधीच कागदावर लिहून समोर लावावा आणि शेजारी बसणाऱ्यालाही सांगून ठेवावा.