झोपायच्या आधी 10 मिनिटं पाय भिंतीवर
दिवसभर उभं राहून किंवा खुर्चीत बसून संध्याकाळी पाय जड होतात ना, मग झोपायच्या आधी विपरीत करणी, म्हणजे पाठीवर झोपून पाय वर ठेवायचं योगासन, नक्की करून बघा, पण भिंतीच्या आधाराने. भिंतीला एक कुल्ला टेकवून कडेने बसायचं आणि पाठ जमिनीवर टेकवता टेकवता पाय वर न्यायचे, मागून मांड्या ताणल्या तर सरळ भिंतीपासून थोडं मागे सरका, गुडघे वाकले तरी काही बिघडत नाही. पायात साचलेलं रक्त आणि पाणी गुरुत्वाकर्षणानेच खाली हृदयाकडे परत येतं म्हणून हलकं वाटतं. 5 ते 10 मिनिटं पुरे, मुंग्या आल्या की पाय खाली घ्या. श्वास सोडताना जरा जास्त वेळ लावा, माझ्या मते झोपेसाठी खरं काम तिथेच होतं. उठताना मात्र घाई नको, आधी कुशीवर वळा. नंतर हवं तर थोडा वेळ बालासन, म्हणजे टाचांवर बसून पुढे वाकायचं, पोटाखाली उशी घेऊन.

जेवण झाल्या झाल्या करू नका, 2-3 तास जाऊ द्या. काचबिंदू, कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी, हार्टचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं असेल तर आसन वगैरे राहू दे, लगेच दाखवून घ्या.