मुलगा कॅथलिक मुलांच्या शाळेत जाणार आहे? शाळा कोणाची, ते आधी विचारा

माझे दोन्ही मुलगे कॅथलिक संघाने चालवलेल्या, फक्त मुलांच्या हायस्कूलमध्ये शिकले. थोरला अकरा वर्षांचा असताना त्या फाटकातून आत गेला आणि धाकटा बाहेर पडला तोवर मध्ये नऊ वर्षं गेली होती. आम्ही कॅथलिक नाही. प्रवेशाचं पत्र आलं त्या रात्री आम्ही चौघं बराच वेळ बोलत बसलो, पण सगळं बोलणं गणवेश, येणंजाणं आणि निकाल यांवर झालं. जे विचारायला हवं होतं ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आत्ता ज्यांच्या घरी असं पत्र येऊन पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी शाळा कोणत्या संघाची, म्हणजे व्रतं घेतलेल्या फादर-ब्रदरांच्या कोणत्या संस्थेची आहे ते विचारा. नुसतं ‘कॅथलिक शाळा’ म्हटल्याने फारसं काही कळत नाही. काही शाळा थेट धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीत असतात. काही जेझुइटांच्या, काही सेल्सियनांच्या, काही मारिस्ट, ला साल किंवा ख्रिश्चन ब्रदर्सच्या. प्रत्येकाची शिकवण्याची रीत निराळी, शिक्षेबद्दलचा विचार निराळा, आणि तो बहुतेक वेळा संस्थापकाच्या आयुष्यातून आलेला. तो संस्थापक कोण होता हे शाळा सुरू व्हायच्या आधी मुलाबरोबर बसून वाचा. आईवडिलांनी करण्यासारखं यापेक्षा उपयोगी काम मला तरी सापडलेलं नाही.

एक उदाहरण देते. जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस हा सैनिक होता. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि त्याचं आयुष्य फिरलं. पुढे वयाच्या तिशीनंतर तो बार्सिलोनात लहान पोरांच्या बरोबरीने बसून लॅटिनचं व्याकरण शिकला. माझा थोरला पहिल्याच चाचणीत गणितात नापास झाला तेव्हा मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. धाकट्याच्या वेळी होती, आणि मी ती त्याला पेपर हातात असतानाच सांगितली. ख्रिश्चन ब्रदर्सची सुरुवात करणारा एडमंड राइस हा आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचा व्यापारी. बायको वारली, पदरात एक मुलगी, आणि १८०२ साली त्याने गरीब मुलांसाठी शाळा काढली. म्हणजे तो स्वतः बाप होता. ला साल हा रँस शहरातल्या श्रीमंत घरातला, त्याने दुष्काळात आपली संपत्ती वाटून टाकली आणि मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवलं. मारिस्टांच्या मार्सेलिन शांपान्याची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवते, ती पुढे लागणार आहे.

फादर आणि ब्रदर यांतला फरकही मुलाला आधीच सांगा. ब्रदर म्हणजे कनिष्ठ फादर नव्हे. दोघांनीही व्रतं घेतलेली असू शकतात, पण मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करणं आणि कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकणं हे फादरचं काम. ब्रदर शिकवतात, मुलांबरोबर मैदानावर असतात, काही ठिकाणी मुख्याध्यापकही असतात. वहीच्या पानाच्या डोक्यावर ‘ए एम डी जी’ लिहायला सांगितलं तर घाबरू नका. ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’ या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरं आहेत आणि जेझुइट शाळांत ती जुनी पद्धत आहे.

आता चॅपेलबद्दल. इथे मी चुकले, म्हणून सविस्तर सांगते.

धाकट्याच्या पहिल्या वर्षी शाळेत मिस्सा होती. सगळी रांग उठली, तोही उठला. पुढे फादरांनी त्याच्या हातावर पांढरी पातळ चकती ठेवली. ती खायची की नाही हे त्याला कळेना, म्हणून त्याने ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि खिसा माझ्यापुढे उघडला. ओठ थरथरत होते. मी शाळेत फोन केला. फादर म्हणाले, ‘‘स्वच्छ रुमालात ठेवा आणि उद्या त्यालाच माझ्याकडे आणून देऊ द्या. त्याला सांगा, त्याचं काही चुकलेलं नाही, सांगायला आम्ही हवं होतं.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला जवळ बसवून समजावलं. कॅथलिक लोकांसाठी ती चकती ही नुसती खूण नाही, ते तिला प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर मानतात, म्हणूनच ती ज्याची तशी श्रद्धा आहे आणि ज्याने तिचा संस्कार घेतला आहे त्यालाच देतात.

म्हणून तुम्ही पहिल्या मिस्सेच्या आधीच विचारून घ्या. रांग पुढे सरकेल तेव्हा आपल्या मुलाने जागेवर बसून राहायचं, की पुढे जाऊन छातीवर दोन्ही हात आडवे घेऊन फक्त आशीर्वाद घ्यायचा? काही ठिकाणी एक रीत असते, काही ठिकाणी दुसरी. उभं कधी राहायचं, कधी बसायचं हे तो शेजाऱ्याकडे बघून शिकेल. गुडघे टेकण्याबद्दल घरी तुमचं काय मत आहे ते त्याला स्पष्ट सांगा, आणि शांत बसून राहिलं तरी कुणाचा अपमान होत नाही हेही सांगा. राखेच्या बुधवारी वर्गमित्रांच्या कपाळावर राख दिसेल. त्या दिवशी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होतो. ते आधीच ठाऊक असलं की पोरगा नको तिथे हसत नाही.

नातेवाईक एक प्रश्न विचारतातच, की शाळा मुलाला आपल्या धर्मात ओढेल का. याचं उत्तर चर्चच्याच कायद्यात आहे. १९८३ च्या चर्च कायद्याचं ७४८ वं कलम सांगतं, की कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येणार नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावर जो जाहीरनामा काढला त्यात आईवडील हेच मुलाचे पहिले शिक्षक मानले आहेत. तरीही मुलाखतीत सरळ विचारा. प्रार्थनेला हजर राहणं सक्तीचं आहे का? शब्द म्हणावे लागतात का? धर्माच्या तासाला गुण असतात का, आणि असतील तर ते माहितीला असतात की श्रद्धेला? आमच्याकडे गुण माहितीला होते आणि धाकट्याला त्या विषयात चांगले मिळायचे.

तुम्ही स्वतः कॅथलिक असाल तर अडचण वेगळी असते, आणि ती मी माझ्या मैत्रिणीच्या घरी जवळून पाहिली. तिचा मुलगा पंधराव्या वर्षी रविवारी चर्चला जायला नाही म्हणू लागला. तिने त्याच्या शाळेतल्या फादरांना सांगितलं, की तुम्हीच त्याला समजवा. झालं एवढंच, की शाळेत ज्या एका माणसाशी तो मोकळं बोलायचा त्याच्याशीही त्याने बोलणं बंद केलं. घरातला वाद घरातच ठेवा. मुलाला शाळेत एक तरी माणूस असा राहू द्या जो आईवडिलांच्या बाजूचा नाही.

फक्त मुलांच्या शाळेत पहिले काही महिने एकच हिशेब चालू असतो, कोण जोरात, कोण मागे. टोपणनाव पहिल्या आठवड्यात पडतं आणि चिकटतं. ज्याला खेळाच्या संघात जागा मिळाली त्याचं निभावतं. ज्याला नाही, त्याला दुसरा कोपरा लवकर मिळायला हवा, वाचनालय, गायनवृंद, बुद्धिबळ, काहीही. आमच्या थोरल्याला नाटकाच्या मागचे दिवे मिळाले आणि तो तिथे रमला. पहिल्या महिन्यातच वर्गशिक्षकांना विचारा, की खेळात नसलेली मुलं मधल्या सुट्टीत कुठे असतात. उत्तर लगेच आलं तर शाळेचं लक्ष आहे असं समजायला हरकत नाही. मुली वर्गात नसतात, त्यामुळे मुलींबद्दलचं सगळं बोलणं त्यांच्या पाठीमागेच होतं. शाळेबाहेर मुली-मुलगे एकत्र असलेला एखादा वर्ग किंवा गट असू द्या.

आणि घरी ‘‘आज काय झालं?’’ असं विचारू नका. ‘‘काही नाही’’ हेच उत्तर येतं. मी रात्री भांडी पुसताना विचारायची, ‘‘आज एकटं कोण होतं?’’ सहसा दुसऱ्या कुणाचं नाव यायचं. एके दिवशी थोरला काहीच बोलला नाही, हातातली ताटली पुसतच राहिला. तेव्हा मला कळलं.

तो तेरा वर्षांचा होता आणि अडखळत बोलायचा. सकाळच्या सभेत त्याला उतारा वाचायला उभं केलं होतं. तो एका शब्दावर अडला. एका शिक्षकांनी तो शब्द त्याच्यासारखाच अडखळत म्हणून दाखवला, सगळी सभा हसली, आणि त्याला सभा संपेपर्यंत तिथेच उभं ठेवलं. आम्ही दोघं आधी म्हणालो, जाऊ दे, त्यालाच त्रास होईल. ती आमची चूक होती. आठवडाभरात त्याने घरातही बोलणं कमी केलं.

तक्रार करायची वेळ आली तर अशी करा. आधी मुलाला विचारा, तुला काय हवंय. थोरल्याला माफी नको होती. त्याला भीती होती, की आता आपल्याला कधीच वाचायला देणार नाहीत. मग पत्र लिहा, एका पानाचं. त्या दिवशी काय घडलं, मुलावर काय परिणाम झाला, तुमची मागणी काय, एवढंच. दुसऱ्या मुलांची नावं नकोत, शिक्षकाच्या स्वभावावर मत नको. आणि शेवटी त्यांच्याच परंपरेचा आधार घ्या. मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक शांपान्याची. शाळेच्या पहिल्याच दिवशी शिक्षकांनी मार्सेलिनला वाचायला बोलावलं, दुसरा एक मुलगा मध्ये घुसला, शिक्षकांनी त्या मुलाच्या थोबाडीत मारली, आणि ते पाहून मार्सेलिन पुन्हा त्या शाळेत गेला नाही. पुढे १८१७ साली त्यानेच शिक्षक ब्रदरांचा संघ काढला. दुसरी सेल्सियनांचे संस्थापक डॉन बॉस्को यांची. १८७७ साली आपल्या शिक्षणपद्धतीबद्दल लिहिताना त्यांनी मारणं, कान ओढणं, त्रास होईल असं गुडघ्यांवर बसवणं पूर्ण टाळायला सांगितलं, आणि चूक दाखवायची ती अगदी क्वचित प्रसंग सोडले तर कधीही चारचौघांत नाही, एकट्याला, असंही म्हटलं. आमची शाळा या दोघांपैकी कुणाच्याही संघाची नव्हती. तरी मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. संतांच्या शब्दांपुढे त्यांना ‘आमच्याकडे असंच चालतं’ म्हणता येईना.

महिन्याभराने थोरल्याने पुन्हा वाचलं, आधी मित्राबरोबर एका आवाजात, मग एकट्याने. ते शिक्षक वर्षभर त्याच्याशी तुटक वागले, हेही खरं. पण तो वाचत राहिला.

एका बाबतीत मात्र संकोच करू नका. आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा २००९ चा अहवाल आणि ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनचा २०१७ चा अहवाल, दोन्हींत चर्चच्या संस्थांमध्ये मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार झाल्याचं आणि ते दाबून ठेवल्याचं नोंदलेलं आहे. चांगल्या शाळेला याची जाणीव असते आणि तुम्ही विचारलेलं तिला आवडतं. मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी नेमकी कुणावर आहे, त्यांचं नाव आणि फोन विचारा. मोठं माणूस आणि एक मूल बंद खोलीत एकटे असू शकतात का, मुक्कामाच्या सहलीत कोण कुठे झोपतं, शिक्षक मुलांना खासगी मेसेज पाठवू शकतात का, हेही विचारा. मुलाला सांगून ठेवा, की गाऊन घातलेला असो वा नसो, कुणीही ‘घरी सांगू नको’ म्हणालं की ते त्याच दिवशी घरी सांगायचं. आणि तसं काही कळलं तर आधी पोलीस, मग शाळा.

वरच्या वर्गांत सेवेचे तास येतात. वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा, असं काही. जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी १९७३ साली व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण करताना ‘इतरांसाठी जगणारी माणसं’ घडवणं हे शिक्षणाचं काम आहे असं सांगितलं, आणि आजवर आपण न्यायासाठी तुम्हाला पुरेसं घडवलं नाही हेही कबूल केलं. तेव्हापासून ही सेवा अनेक शाळांत अभ्यासाचाच भाग झाली. तास भरल्याची सही आणण्यावर भर देऊ नका. जिथे जातो तिथल्या एका तरी माणसाचं नाव घरी येऊन सांग, एवढीच अट मी घातली होती.

शेवटच्या वर्षी रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-चिंतनाचं शिबिर असतं. दोन-तीन दिवस मुलं घराबाहेर राहतात, फोन काढून घेतात. काही शाळा त्याआधी आईवडिलांकडून मुलाच्या नकळत पत्र मागवतात. तुमच्या शाळेने मागितलं तर हाताने लिहा. मार्क, करिअर, शिस्त यांतलं काही त्यात नको. घरात ज्या नावाने हाक मारता त्याच नावाने सुरुवात करा. त्याच्या लहानपणचं एखादं असं काही लिहा जे फक्त तुम्हालाच आठवतं. आई आणि बाबांनी वेगवेगळं लिहा, बाबांच्या चारच ओळी झाल्या तरी चालेल. आणि दिलेली तारीख चुकवू नका. ज्याचं पाकीट येत नाही तो मुलगा त्या संध्याकाळी रिकाम्या हातांनी बसतो. धाकट्याच्या शेजारी तसा एक होता. माझ्या पत्राची पाच पानं होती, त्यांतलं एक त्याने त्या मुलाला वाचायला दिलं.