नगरपरिषदेचं टेंडर भरताना: बाक बनवणाऱ्या एका उद्योजिकेचा अनुभव

कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. शाळेचे बाक, टेबलं, कपाटं. पहिलं सरकारी टेंडर माझ्या हातून गेलं, पण दरामुळे नाही. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ऑनलाइन निविदा पोर्टलवर सगळी कागदपत्रं चढवली, बीओक्यू म्हणजे दर भरायची एक्सेल फाइल भरली आणि रात्री लॉगआउट केलं. निविदा दाखलच झाली नव्हती. सगळ्यात शेवटी 'फ्रीज बिड सबमिशन' हे बटण दाबावं लागतं. बिड आयडी, तारीख, वेळ असलेली पोच निघाली तरच निविदा पोचली. ती छापून फाइलला लावा, आणि हे सगळं मुदतीच्या दोन दिवस आधी उरका. शेवटच्या तासात नेट अडकलं तर कोणी ऐकून घेत नाही. घड्याळ सर्व्हरचं चालतं.

तयारी टेंडर निघण्याआधीची. क्लास 3 ची डिजिटल सही, पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), ताळेबंद, आधीच्या पुरवठ्याचे दाखले स्कॅन करून ठेवा. वस्तूंची खरेदी 'जेम' या केंद्र सरकारच्या खरेदी पोर्टलवरही निघते, तिथेही नोंदणी करा.

निविदा हाती आली की आधी अटी वाचा, दर नंतर. बहुतेक ठिकाणी दोन लिफाफे असतात. तांत्रिक लिफाफ्यात एक दाखला कमी पडला तरी आर्थिक लिफाफा उघडतच नाही. तांत्रिक कागदांत दराचा आकडा चुकूनही जाऊ देऊ नका. बीओक्यूच्या एक्सेल फाइलचं नाव बदलू नका, आहे त्याच नावाने चढवा. उद्यमवाल्यांना बयाणा (निविदेसोबत भरायची अनामत) माफ असतो असं सगळे सांगतात. त्या निविदेत तसं लिहिलंय का, ते स्वतः बघा. आणि शुद्धिपत्रक निघालंय का, हे रोज पाहा. मुदत, मापं, नमुना देण्याची तारीख त्यातच बदलते.

आता दर. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एका निविदेत बाकाच्या वर्णनाची शेवटची ओळ होती: 'शाळापोच, जोडणीसह'. शाळा चौदा. सुट्टीच्या दिवशी मी स्कूटरवरून सगळ्या फिरून आले. दोन शाळांच्या गल्लीत टेम्पो वळत नव्हता, एकीचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. हमालीचा आकडा मी धरला होता त्याच्या दुप्पट निघाला. घरात बसून दर भरला असता तर प्रत्येक बाकामागे खिशातून गेले असते. पाइपची जाडीही बघा: निविदेत 1.6 मिमी असेल आणि तुम्ही 1.2 मिमीचा भाव धरला, तर तपासणीत माल परत येणार.

पैसे हातात कधी पडतात, तेही दरात धरा. अडीच लाखांवरच्या कंत्राटात 2 टक्के जीएसटी टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी वळता केलेला कर, कापला जातो. 8 लाखांच्या मालावर 16,000. ते जीएसटी पोर्टलवर तुमच्या कॅश लेजरला (कर भरायच्या खात्याला) जमा होतात, पण तोवर चणचण भासते. सुरक्षा अनामतही अडकून पडते. बिल रखडलं, तर उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे देण्यावर 45 दिवसांची कायदेशीर मर्यादा आहे. त्यापुढच्या दिवसांचं व्याज मागता येतं.

माल उतरवताना प्रत्येक मुख्याध्यापकांकडून नग मोजून सही-शिक्क्याची पोच घ्या. चौदापैकी एक राहिली, तरी बिल भांडार विभागातून परत येतं.