गार म्हणजे दार नव्हे : थंडीत घरी करायची थेरपी

मागच्या डिसेंबरातली पहाट. नातू गोधडीतून म्हणाला, "आबा, दार." मी उठलो, कडी बघितली, लावलेली होती. येऊन पडलो. पुन्हा "आबा, दार!" पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा पोरगं रडायलाच लागलं तेव्हा सुनेनं आतल्या खोलीतून आवाज दिला, "आबा, त्याला गार लागतंय."

आमच्या निफाडला थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. अशा गावात ज्याला 'गार' म्हणता येत नाही त्याची पंचाईत समजून घ्या. नातू आता पाच वर्षांचा आहे. ग चा द करतो आणि क चा त. बहुतेक मुलांचं हे चौथ्या वर्षापर्यंत आपोआप सुटतं, याचं सुटलं नाही. शिवाय बोटांत जोर कमी, दोन ओळी गिरवल्या की हात झटकतो. म्हणून आठवड्यातून एकदा स्पीच थेरपी आणि एकदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हातांचं आणि रोजच्या कामांचं प्रशिक्षण), दोन्ही नाशिकला. नेण्या-आणण्याचं काम माझं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, प्रवासाचं मला काही वाटत नाही.

पण मागच्या हिवाळ्यात आम्ही घोळ घातला. दिवाळीची सुट्टी, मग नातवाचा खोकला, मग लग्नं, मग शाळेचं गॅदरिंग. जानेवारीत परत गेलो तर स्पीच थेरपीच्या मॅडमना दोन पायऱ्या मागे जावं लागलं. यंदा दिवाळीच्या आधीच त्यांना विचारून घेतलं : घरी नेमका कोणता एक आवाज घ्यायचा, तो नुसत्या अक्षरात, शब्दात की वाक्यात, आणि काय करायचं नाही. तुम्हीही सुट्टीच्या आधी एवढं विचारून ठेवा. "घरी सराव करून घ्या" एवढ्यावर समाधान मानू नका.

आधी 'नीट बोल' म्हणणं बंद करा. आमच्याकडे याला सगळ्यात जास्त वेळ मीच लावला. पोरगं "दाडी आली" म्हणालं की आपण फक्त "हो, गाडी आली. लाल गाडी" म्हणायचं. ग जरा ठसठशीत, पण ओरडून नाही. त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं नाही. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजून थांबायचं, त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही. सरावाची पाच मिनिटं वेगळी ठेवायची, दिवसातून दोन-तीनदा. बाकी वेळ त्याला बोलू द्यायचं.

सरावासाठी मॅडमनी गार आणि दार याच जोडीची चिठ्ठी करायला सांगितली. एका चिठ्ठीवर कुडकुडणारं पोरगं, दुसरीवर दरवाजा. तो ज्या चिठ्ठीचं नाव घेईल ते मी करायचं. 'गार' म्हणाला तर शाल, 'दार' म्हणाला तर दार सताड उघडायचं. पहिल्या दिवशी त्याला शाल हवी होती आणि मी तीनदा दार उघडलं. दोघांच्या अंगावर काटा आला, पण हसलोही. जीभ कुठे ठेवली यानं अर्थ बदलतो हे त्याला तिथे कळलं. चिडवण्याच्या सुरात मात्र हे करू नका, मूल गप्प बसेल. कार-तार, काप-ताप अशाही जोड्या आहेत.

ग आणि क साठी जिभेचा मागचा भाग वर जावा लागतो. थंडीत कोमट पाण्याच्या गुळण्या होतातच, त्या गुळण्यांत मुलाला ती मागची जागा जाणवते. गुळणी झाली की लगेच "ग्ग्ग" म्हणून बघायचं. गोधडीत उताणं पडूनही हा आवाज सोपा जातो, कारण जीभ आपसूक मागे पडते. आमचा पहिला खरा ग अंथरुणातच निघाला. ज्यांना गुळणी जमत नाही आणि पाणी गिळून ठसका लागतो अशा लहानग्यांना हे करायला लावू नका.

शेजारच्यांनी फुगे फुगवायला सांगितलं, कुणी पिपाणी आणून दिली, कुणी जिभेला वेखंड लावा म्हणालं. फुगे, पिपाणी खेळ म्हणून ठीक. पण फुंकर मारून ग येत नाही, ग म्हणूनच ग येतो. वेखंडाबद्दल मी काही बोलत नाही, सून बोलली तेवढं पुरे.

सर्दीकडे लक्ष ठेवा. सर्दीनंतर कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि मुलाला काही आठवडे कमी ऐकू येऊ शकतं, दुखत नसलं तरीही. टीव्हीचा आवाज वाढवायला लागलं, हाक मारली तर बघेना, बोलणं अचानक अस्पष्ट झालं, तर हट्टीपणा समजू नका, कान दाखवून या. कानात तेल घालू नका. शेकोटीच्या धुरातही मुलांना बसवू नका, धुरानं नाक आणि कान दोन्ही बिघडतात.

आता हाताचं. थंडीचं घर म्हणजे ओटीचं सामान आहे, विकत काही आणायला नको.

मटार आले की सोलायला बसवायचं. शेंग अंगठ्यानं दाबून फोडणं आणि एकेक दाणा चिमटीत धरून वाटीत टाकणं, पेन्सिलला लागतो तोच हा जोर. हरभऱ्याचे घाटे आणखी चांगले, कारण जास्त दाबावे लागतात. हाताला आंब, म्हणजे घाट्यावरचा आंबट चिकटा, लागते, ती काही मुलांना सहन होत नाही. आमच्या नातवानं पहिल्या दिवशी हात वर धरून बोंब मारली. मग बाजूला ओलं फडकं ठेवलं, पाहिजे तेव्हा पुसायची मुभा दिली. आठवड्यानं फडकं कोरडं राहायला लागलं. जबरदस्तीनं हात बुडवला असता तर पुढच्या वर्षीही घाट्याला शिवला नसता. लहान मुलं दाणे तोंडात टाकतात, तेव्हा शेजारी बसा. चार वर्षांच्या आतल्यांना अख्खे शेंगदाणे आणि कडक चिक्की नकोच.

खोबरेल तेल गोठतं. बाटली त्याच्या दोन तळव्यांत देऊन चोळायला लावायची : घट्ट, मऊ, पातळ असे तीन शब्द रोज येतात. मालिश करताना हात घट्ट दाबून फिरवा. हलक्या बोटांनी गुदगुल्यांसारखं केलं तर स्पर्श सहन न होणारी मुलं जास्त बिथरतात.

सकाळी गोधड्या तोच उचलतो. जड वस्तू उचलली, ढकलली की अंग स्थिर होतं, म्हणून शाळेच्या आधी गोधडीची घडी आणि मगच दप्तर. कधी गोधडीत गुंडाळून त्याची पोळीची गुंडाळी करतो. तोंड बाहेर, आणि "बस" म्हणाला की लगेच सोडायचं.

स्वेटरचं भांडण घरोघर असतं. लोकर टोचते हे मुलाचं नाटक नसतं. आत सुती पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, गळ्यामागचा टॅग कापून टाका, एक जाड स्वेटर नकोच वाटत असेल तर दोन पातळ घाला. कानटोपीचंही तेच. आमची तानटोपी, माफ करा, कानटोपी आता आतून जुन्या बनियनचं अस्तर लावलेली आहे. चेन लावायला शिकवताना शेवटापासून सुरू करा : खालचं टोक आपण अडकवायचं, अर्ध्यापर्यंत आपण ओढायची, वरचा अर्धा त्यानं. मग पूर्ण चेन त्यानं. टोक अडकवणं सगळ्यात शेवटी. काम त्याच्या हातानं संपतं म्हणून चिडचिड कमी होते. दहा मिनिटं लवकर उठावं लागतं, एवढं मान्य करा.

आमचा लाडका खेळ मात्र एसटीचा. कामावरचा माझा पंच महामंडळाकडे परत गेला, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून एका भोकाचा पंच आणला. जुन्या वहीच्या पानांची तिकिटं. नातू कंडक्टर, आम्ही प्रवासी. "कुठं जायचं?" त्यानं विचारायचं, आम्ही गाव सांगायचं, त्यानं गावाचं नाव परत घेऊन तिकीट पंच करायचं. गावं मी मुद्दाम निवडतो : लासलगाव, पिंपळगाव, नांदगाव, मालेगाव, कोपरगाव. प्रत्येकात गाव. पंच दाबायला सुरुवातीला दोन्ही हात लागायचे, आता एका हातानं सहा-सात तिकिटं होतात. "पुढे सरका" तो माझ्यापेक्षा जोरात म्हणतो, त्यातला क अजून त आहे. खेळात सांगत नाही, क ची पाळी नंतर.

संक्रांतीला तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. या एका वाक्यात चार ग-घ आहेत. मागच्या वर्षी तो "दोद दोद" म्हणाला आणि पाहुणे हसले, मग दिवसभर बोलला नाही. यंदा पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं, आणि त्याच्याकडून नुसतं "घ्या" घ्यायचं, बाकीचं मी म्हणेन. पाक मोठ्यांनी करायचा, लाडू कोमट झाल्यावर मुलांनी वळायचे, दोन्ही तळवे एकत्र फिरवायचा तो उत्तम व्यायाम. पुढे येवल्याला पतंग. तिथे भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस पतंग उडतात. नातवाला पतंग नाही, आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, धरायला द्यायची : एक हात धरतो, दुसरा फिरवतो. दोरा साधा, नायलॉन मांजाला बंदी आहे आणि बोटं कापतात ते वेगळंच.

एखादा आठवडा जाणं जमलं नाही तर फोनवर व्हिडिओनं दहा मिनिटं मागून घ्या. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान व उपचार केंद्राची चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्याखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात.

मी एक वही ठेवतो. कंडक्टरला वे-बिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेब, भरायची सवय असते, ती जात नाही. तारीख, कोणता शब्द, दहातले किती बरोबर, कान-नाक कसं. मॅडमना तीच वही दाखवतो, त्यांचा पहिला अर्धा तास वाचतो. कालची नोंद : गार, दहात सात. लासलगाव, दहात दोन. चेन, एकट्यानं, पण उलट्या जॅकेटला.