महालक्ष्म्या उठल्यावर: आई-बाबांशी कागदपत्रांचं बोलणं कसं काढायचं

पन्नाशीतल्या माणसाला वडिलांशी क्रिकेटवर तासभर बोलता येतं, नॉमिनीवर दोन मिनिटंही नाही. पण हे बोलणं बाबा धडधाकट असतानाच व्हायला हवं. दवाखान्यात भरती झाल्यावर काढलं की त्याला वाटणीचा वास येतो.

महालक्ष्म्यांना (म्हणजे गौरींच्या सणाला) पुण्या-मुंबईची भावंडं नागपुरात घरी आलेली असतात. पूजेच्या दिवशी विषय काढू नका; सोळा भाज्या, पुरण, आंबील यात आई बुडालेली असते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बसा. आई हवीच. तिला वगळणं ही नेहमीची चूक, कारण कोणता कागद कुठल्या डब्यात आहे हे बहुतेक तिलाच ठाऊक असतं.

आधी कूलर बंद करा. वयाबरोबर बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, फ, थ ही अक्षरं निसटतात. आवाज पोचतो, शब्द कळत नाही, आणि कूलरच्या घरघरीत उरलेलंही जातं. आपण म्हणतो, बाबा हट्टी झाले! समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. ओरडू नका, सावकाश बोला, आणि एका वेळी एकानेच.

सुरुवात स्वतःपासून करा: "बाबा, मी माझ्या खात्यांचे नॉमिनी तपासले, दोन ठिकाणी नावच नव्हतं. तुमचेही पाहून घ्यायचे का?" त्याआधी स्वतःचे खरंच तपासलेले असू द्या.

एक वही घ्या. डावीकडे बँक, पोस्ट, विमा, पेन्शन, प्लॉटची रजिस्ट्री, नागपूर सुधार प्रन्यासचं (नासुप्र) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र. उजवीकडे नॉमिनी आणि कागद कुठे ठेवलाय ते. पिन, पासवर्ड लिहू नका. तासाभरात थांबा, बाबा "बस" म्हणाले तर त्याआधीच. उरलेलं पुढच्या रविवारी.

मृत्युपत्र दुसऱ्या बैठकीत. नॉमिनी म्हणजे बहुतेक वेळा मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, हक्क वारसांचा राहतो. इथेच सख्खी भावंडं कोर्टात जातात. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी). दोन साक्षीदार मात्र हवेतच. ते बाबांपेक्षा वयाने लहान असावेत, कारण पुढे साक्ष द्यायची वेळ येऊ शकते. आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. वय फार झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, म्हणजे "बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं" हा वाद सहज उठत नाही.

केंद्र सरकारच्या पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो. ऐंशी ओलांडलेल्यांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

"आम्ही सांभाळतो, तुम्ही फक्त सणाला येता" हे वाक्य कितीही खरं असलं तरी या बैठकीत नको. दादा-ताईशी ते नंतर, चहाच्या टपरीवर. वही आईच्या कपाटात, आणि प्रत्येक पानाचा फोटो सगळ्या भावंडांच्या मोबाइलमध्ये.